निजून जाण्याजोगी गाडी

शाळेत असताना मी भूगोलाचा धडा मोठ्याने वाचायचे आणि आई शिलाई मशीन चालवत ऐकायची. हिमनदीच्या धड्याला तिने मशीन थांबवलं.

"बर्फाची नदी? आणि ती चालते? कोणी पाहिली?"

"मी दाखवीन तुला," मी म्हणाले होते.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती त्या मशीनवर मिळाली, आणि त्याच मशीनवर वाकून वाकून आईच्या मणक्याची वाट लागली.

या उन्हाळ्यात ती आमच्याकडे जर्मनीत, कार्ल्सरूहेला आली. विमानात बसून दुखणं वाढलं. आता तिला अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. आडवं झालं की बरं वाटतं. डॉक्टरांनी ऑपरेशनला नाही म्हटलं. हिमनदी स्वित्झर्लंडमध्ये, मोटारीने पाच तास. म्हणून वोनवागन घ्यायची ठरली, मोटारीमागे ओढायचं घर. आत पलंग असतो, आई निजून येईल. भिंतीतली ओल कशी ओळखायची, आपल्या लायसन्सवर किती वजन ओढता येतं, सगळं नवऱ्याने वाचून काढलं. मोटारीला मागे हूकसुद्धा बसवून घेतला.

शेजारच्याच गावात एक जुनी वोनवागन विकायला होती. आईला सीट पाडून नेलं. आम्ही भिंती दाबून पाहिल्या, कोरड्या होत्या. आई खिडकीजवळच्या पलंगावर आडवी झाली.

"जावईबापू, हीच घ्या. तुम्ही हाका, मी घोरते."

नवऱ्याने विकणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, वाटेत त्या पडू नयेत म्हणून पलंगाला पट्टा लावून मिळेल का?

म्हातारा हसला. मग आमचे चेहरे पाहून थांबला. "गाडी चालू असताना आत कोणीही थांबायचं नसतं. कायदाच आहे."

"झोपूनही नाही?"

"झोपून तर नाहीच." घर आणि इंजिन एकातच असलेल्या मोठ्या गाडीतही बसून पट्टा लावावा लागतो, असंही त्याने सांगितलं.

इतकं वाचलं, पण हे विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून लग्नांना गेलेली माणसं.

मी आईला सांगितलं.

"अगं, तुझ्या मावशीच्या लग्नाला सगळं वऱ्हाड ट्रॉलीत होतं. नवरदेवासकट."

"इथे चालत नाही, आई."

"मग हे घर ओढतात कोणासाठी?"

"आपण थांबत थांबत जाऊ," नवरा म्हणाला.

"इथवर यायलाच जीव गेला माझा, बापू."

खिडकीतून शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या वोनवागनची मागची बाजू दिसत होती. आई तिकडे बघत राहिली.

"ती नदी चालताना दिसते का गं?"

"नाही. फार हळू चालते."

"मग बघायचं तरी काय होतं," ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली.

म्हातारा किल्ली घेऊन पायरीशी उभा होता. त्याला कुलूप लावायचं होतं. आईला ऊठ म्हणायला माझी जीभ रेटेना.