कायद्यात मेंढी घालणारी गिरजामावशी

आज सकाळी गिरजामावशी गेली.

निवडून न येता कायदा बदलणारी मी पाहिलेली एकमेव बाई.

दुःखात वाढवून लिहीत नाहीये. मी तिथं होते.

हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती तेव्हाची गोष्ट. मी इथल्या एका लायब्ररीत नोकरीला होते. एका गुरुवारी दुपारी मेंढपाळाच्या घरातली एक बाई दारात उभी राहिली. नरसीकडची. चपला बाहेर काढून आत आली.

"बाई, सरकारचा कायदा छापून येतो, तो कागद तुमच्याकडं हाय म्हणं?"

मी राजपत्र काढून दिलं. आमच्याकडं ते यायचं, गठ्ठा बांधून माळ्यावर जायचं. त्याआधी कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

कारण नंतर कळलं. त्या उन्हाळ्यात तिच्या मेंढ्या एका गावानं कोंडवाड्यात घातल्या होत्या. दोन दिवस पाणी नाही. दोन गाभण मेंढ्या आतच मेल्या. मावशी भांडायला गेली तर उत्तर मिळालं, "कायद्यात आहे. छापलेलं असतं, वाचायचं होतं."

दुसरं कुणी शिव्या देऊन घरी गेलं असतं.

मावशीनं वाचायला सुरुवात केली.

साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं. एकेका शब्दाखाली बोट. एक पान वाचायला तासभर. पण दर गुरुवारी हजर. मेंढ्या लांब चरायला गेल्या असल्या तर पुढच्या गुरुवारी दोन्ही अंक मागायची.

एकदा मला म्हणाली, "बाई, 'परंतु' आलं का जपून वाचायचं. वर दिलेलं तिथं काढून घेतेत."

मी बी.ए., बी.लिब. मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

अधिवेशन चालू असलं की संध्याकाळी मेंढ्या वाड्यात घालून ती ट्रान्झिस्टर कानाला लावायची. कोणतं विधेयक मांडलं, कोणतं समितीकडं गेलं, कोणतं मागं घेतलं, सगळं तोंडपाठ. घरचे हसायचे. दीर म्हणायचा, "वयनी, आमदार व्हायचं हाय का?"

"आमदाराला येळ कुठं हाय वाचायला," ती म्हणायची.

मग ते विधेयक आलं. तोवर हिंगोली जिल्हा झाला होता. फिरत्या कळपांना गावच्या गायरानातून जायचा आणि सार्वजनिक पाणवठ्यावर जनावरं पाजायचा हक्क देणारं. आमच्याकडचे मेंढपाळ सगळे खूश. मीच तिला वाचून दाखवलं.

तिनं मला थांबवलं. मग म्हणाली, "ती व्याख्या पुन्हा वाच."

मी वाचली. 'गुरे' म्हणजे गाय, बैल, म्हैस, रेडा व त्यांची वासरे.

"यात माझी मेंढी कुठं हाय?"

मी तीनदा वाचलं. नव्हती.

म्हणजे हा कायदा असाच झाला असता, तर मेंढ्यांना पाण्यावरून हाकलायला लोकांना छापील आधारच मिळाला असता.

विधेयक संयुक्त समितीकडं होतं आणि समितीनं लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. ही जाहिरातही तिनंच मला पेपरात दाखवली. मी अर्ज लिहायला घेतला. 'सविनय निवेदन की...'

"इतकं लांबडं काहून? मेंढीला तहान लागती, एवढं लिव."

दीड महिन्यानं पत्र आलं. औरंगाबादला सुनावणी, समक्ष हजर राहावे.

आम्ही दोघी एसटीनं गेलो. मोठा हॉल, प्रत्येकापुढं माइक, फायली, पाण्याच्या बाटल्या. मी अर्जाची प्रत पुन्हा पुन्हा वाचत होते. मावशी फक्त पंख्याकडं बघून म्हणाली, "लई जोरात फिरून राहिला."

तिची पाळी आली. तिनं सांगितलं. एक अधिकारी समजुतीनं म्हणाले, "आजी, काळजी करू नका. 'गुरे' म्हटलं की त्यात मेंढ्या आल्याच."

मावशीनं माइक धरला.

"साहेब, कोंडवाड्याच्या कायद्यात मेंढी गुरांत हाय. नाव घालून लिवलंय, मी वाचलंय. म्हणून तर माझ्या मेंढ्या कोंडल्या. कोंडायच्या वक्ताला मेंढी गुरांत, अन् पाण्याच्या वक्ताला न्हाई? तुमी काही तरी एक ठरवा."



अध्यक्षांनी चष्मा काढला. अधिकाऱ्यांकडं बघून विचारलं, "हे बरोबर आहे का?"

अधिकारी फाइल चाळत राहिले. मग म्हणाले, "हो सर. बरोबर आहे."

आयुष्यात मी मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली. त्या दिवशीसारखा काटा अंगावर पुन्हा कधी आला नाही.

पुढं वर्ष गेलं. एक अधिवेशन विधेयकाशिवायच संपलं. मला वाटलं, बारगळलं. मावशीचे गुरुवार चालूच.

आणि एका गुरुवारी अंक आला. मी आधी उघडला नाही. तिच्यापुढं ठेवला.

तिचं बोट व्याख्येवर आलं. गाय... बैल... म्हैस... रेडा... शेळ्या... व मेंढ्या.

मी रडत होते. ती नाही. तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली, मोठ्यानं. शेजारी पेपर वाचणारे दोघे वळून बघायला लागले.

मग म्हणाली, "याचे झेरॉक्स काढून दे. आमच्या सगळ्या कळपायला एकेक."

आणि चहा पिता पिता, "नागपूरच्या अधिवेशनात आता कोणतं येऊन राहिलं?"

आज अंत्यविधीला हिंगोली, कळमनुरी, औंढा, सगळीकडचे मेंढपाळ आले होते. आखाडा बाळापूरचा एक म्हातारा माझ्याजवळ बसला. म्हणाला, एका गावात तलावावर लोकांनी काठ्या काढल्या होत्या. त्यानं तो झेरॉक्सचा कागद पुढं केला. सरपंचानं वाचला, आणि लोकांना बाजूला व्हायला सांगितलं.

"तीनशे मेंढ्या पोटभर पेल्या, बाई," तो म्हणाला.

तिचा फोटो कधी पेपरात आला नाही. कायद्याखाली तिचं नाव नाही.

मावशी, तुमच्यासोबत लायब्ररीच्या बाकावर बसता आलं, हे माझं भाग्य.

मनापासून शेवटचा नमस्कार.