राहीबाईनं न दिलेली शिवी

आमच्या वडूजच्या गल्लीत शेजारी राहीबाई राहते. तिचा नवरा फौजेतून पेन्शनीत आला तो एक छोटी दुर्बीण घेऊन. दोघं परड्यात बसून चंद्र बघायची. तो वारला, तरी तिनं बघणं सोडलं नाही. मलाही दाखवायची. "ह्यो काळा डाग बग, तव्यावानी. आन् त्या खळग्यात निम्मं ऊन, निम्मी सावली."

मावळतीच्या घरात तिचा चुलतदीर भाऊसो. परड्याच्या हद्दीवरून डूख धरून होता. त्यानं उठवलं, "वयनी नळी लावून लोकांच्या न्हाणीत बगती." बायकांनी तिला भजनाला बोलवायचं सोडलं. सगळा आषाढ-श्रावण ती एकटी बसली. मला म्हणाली, "त्याच्याच तोंडानं त्याला खोटं पाडीन."

गणेश चतुर्थीला दिवेलागणीला तिनं दुर्बीण मांडली, तोंड भाऊसोच्या कौलांवर. मी तिचा हात धरला. "अगं, आज चंद्र बगू नये. खोटा आळ येतो."

"माज्यावर आलाय की आदीच. आनि काय यील?"

आरतीची माणसं घेऊन भाऊसो आलाच. चंद्र त्याच्या पाठीमागं, आणि त्या दिवशी वर मान करतो कोण? "बगा! चतुर्थीला चंद्र कोण बगत न्हाई. मग नळी कुणाच्या घरात हाय?" म्हणत त्यानं सगळ्यांदेखत डोळा लावला.

"दिसली का न्हाणी?" राहीबाईनं विचारलं.

भाऊसो विंचू चावल्यागत मागं उडाला. खळग्यांसकट सबंध कोर डोळ्यात भरली होती.

चतुर्थीचा चंद्र दिसला तर लोकांच्या घरावर खडे मारून शिव्या खायच्या, म्हणजे आळ टळतो, असं आमच्याकडं मानतात. भाऊसोनं दोन घरांवर मारले. लोक नुसते हसले. मग राहीबाईच्या पत्र्यावर मारला. ती दारात आली.

"हाताला लागलं न्हाई न्हवं, भावजी? या, मोदक खावा."

"वयनी, एक शिवी द्या की!"

"आदी सांगा, मी काय बगत हुते?"

"चंद्र."

"गल्लीला ऐकू द्या."

"चंद्रच बगती वयनी! मी खोटं बोललो! आता तरी द्या."

"आवं, दिराला शिवी दिऊन मी पाप कशाला घिऊ?" तिनं दार लावलं.

दुसऱ्याच दिवशी बायका तिला भजनाला न्यायला आल्या. गौरी-गणपती गेले, तरी भाऊसो अधूनमधून खडा मारतोय आणि ती "या, च्या घ्या" म्हणतीय. मी तुळशीला दिवा लावताना तिला म्हटलं, देवानं तुझं ऐकलं, सोड आता.

"आषाढ-श्रावण मी बसले एकली," ती म्हणाली. "त्यालाबी बसू दे वाट बगत."