अर्धं लावलेलं दार

डोलोर चौदाव्या वर्षी गोझो बेटावरून बोटीनं आली आणि बिरगू गावातल्या आमच्या गल्लीतल्या एका मोठ्या घरात कामाला लागली. तिथून ती हलली नाही. मालकीणबाई म्हाताऱ्या झाल्या, एकट्या पडल्या, वारल्या. भाच्यांनी घर विकलं. चार वर्षं गवंडी आणि सुतार घरात राबले आणि शेवटी तिथं बारा खोल्यांचं महागडं हॉटेल झालं. डोलोर मात्र स्वयंपाकघरामागच्या आपल्या खोलीत होती तिथंच राहिली. नव्या मालकांनी झुंबरं ठेवून घेतली, तशी तीही ठेवून घेतली. हे मी रागानं म्हणतो, पण खोटं म्हणत नाही. पाहुण्यांना घर दाखवताना ते तिच्याकडेही बोट दाखवायचे.

मी ग्रेत्सिओ, त्या हॉटेलचा दारवान. त्याआधी गोदीत तीस वर्षं जहाजांचे पत्रे जोडले. निळा कोट घालून लोकांच्या बॅगा उचलायच्या, हे मला पहिल्या दिवशी जड गेलं. डोलोरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "कोट छान आहे. आत माणूस घातला असता तर अजून शोभला असता."

तेव्हापासून आमचं जमलं.

रोज सकाळी सहाला ती दारावरचे दोन पितळी डॉल्फिन लिंबू आणि राख लावून घासायची. ते मासे म्हणजे दारावर ठोकायच्या कड्या. हॉटेलनं त्यांचंच चित्र नॅपकिनवर, साबणावर, माझ्या कोटाच्या बटणांवर छापलं होतं. घासायला मुली होत्या, मशीनही होतं. पण डोलोर कुणाला हात लावू द्यायची नाही. "छप्पन्न वर्षं मीच यांची तोंडं धुतेय," म्हणायची.

आमच्याकडे घरात कुणी वारलं की रस्त्याकडच्या दाराची एक फळी लावून घेतात. तीन दिवस. चुलीवर काही चढत नाही, शेजारी रस्सा आणि पाव आणून देतात. पूर्वी दारावरच्या कड्याही काढून ठेवायचे, कुणी ठोकू नये म्हणून. आता ते कुणी करत नाही. फळी मात्र अजून लावतात.

डोलोरच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली होती. मालकीणबाईंनी तिला शब्द दिला होता, की तू गेलीस की या दाराची फळी लागेल. आता मालकीणबाईच नव्हत्या. डोलोरच्या खोलीला रस्त्याकडे दार नव्हतं. नवरा नाही, मूल नाही, गोझोला भाऊ होता तोही गेलेला.

"फळी घरातल्या माणसासाठी लावतात," ती मला एकदा शेंगा सोलता सोलता म्हणाली. "मी घरातली का नुसती कामावरची, ते मेल्यावर कळेल. आणि तेव्हा मी बघायला नसणार. आहे की नाही गंमत?"

मला गंमत वाटली नाही. मी म्हटलं, "मॅनेजरला विचार."

तिनं विचारलं. मॅनेजर सिल्वन, आमच्याच गल्लीतला पोरगा, मोठ्या शाळेत शिकून आलेला. वाईट नव्हता, पण मालकांना भ्यायचा. मालक परदेशात होते आणि त्यांचा लेखी नियम होता, की दिवसा दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या हव्यात, आतलं अंगण रस्त्यावरून दिसायला हवं.

"मावशी, तू आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाशील," सिल्वन हसत म्हणाला. डोलोरही हसली. ती परत विचारणार नाही, हे मला तिच्या हसण्यावरून कळलं.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात दक्षिणेचा दमट वारा चार दिवस घोंघावत होता. एका सकाळी डाव्या फळीची बिजागरी तुटली आणि फळी लागली ती लागलीच. सुतार दुसऱ्या दिवशी येणार होता. मी काही मनावर घेतलं नाही. माझीच चूक.

दहा वाजता चेन्सा आली. समोरच्या घरातली, डोलोरच्याच वयाची, काळा पोशाख, हातात रश्श्याचं पातेलं. तिच्यामागे विस्तिन बेकरीवाला, पाठीवर पावाची टोपली. मग न्हावी, मग चर्चमध्ये मेणबत्त्या लावणाऱ्या दोघी बहिणी, मग गल्लीतले आणखी काही जण. आत पाहुणे उंच पेल्यांतून थंड वाइन पीत होते आणि चेन्सा काउंटरवर पातेलं ठेवून सिल्वनच्या गळ्यात पडून रडत होती. "माझी डोलोर गेली रे! आणि तू मला निरोप पाठवला नाहीस, मेल्या!"

तेवढ्यात डोलोर टॉवेलांचा ढीग घेऊन जिन्यावरून उतरली.

डोलोरनं टॉवेल ठेवले, पातेल्याचं झाकण उचललं, बोट बुडवून चाखलं. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. "माझ्या मरणाला एवढीच किंमत का गं?"

चेन्सानं तिला असा फटका मारला की काय सांगू. मग दोघी एकमेकींना धरून हसत सुटल्या. न्हावी मात्र चिडला होता, दुकान बंद करून आलेला. जाता जाता चेन्सा मला म्हणाली, "परत नाही हो फसणार तुमच्या दाराला!"

दुपारी डोलोर मागच्या अंगणात टाकीच्या कठड्यावर बसली होती. मी शेजारी बसलो.

"अकरा जण आले ग्रेत्सिओ," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तू आणि पाद्री." तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवत नव्हती. मी आतून पातेलं आणि दोन चमचे आणले. आम्ही तो रस्सा दोघांनी संपवला. मीठ खरंच कमी होतं.

यंदा ईस्टरच्या आदल्या आठवड्यात डोलोर बदामाच्या सारणाचे माशांच्या आकाराचे केक करत होती, तेव्हा तिच्या छातीत कळ आली. गुरुवारी संध्याकाळी ती इस्पितळात गेली. शुक्रवारी सकाळी मला फोन आला.

तो गुड फ्रायडे होता. गुरुवारपासून शनिवारपर्यंत आमच्या चर्चची घंटा बांधून ठेवतात, त्यामुळे मरणाची घंटा झाली नाही. सगळं गाव त्या सणाच्या दुखवट्यासाठी आधीच काळ्या कपड्यांत होतं. हॉटेल मिरवणूक बघायला आलेल्या पाहुण्यांनी भरलेलं. मी कुणाला न विचारता डावी फळी लावली आणि तिच्याशेजारी उभा राहिलो.

सिल्वन आला. त्याचे डोळे लाल होते. फळीकडे बघून तो आत गेला.

आणि कुणी आलं नाही. विस्तिन समोरून गेला. "बिजागरी पुन्हा गेली वाटतं? सुतार बदला!" न्हाव्यानं नुसती मान हलवली. चेन्सा दोनदा हसत समोरून गेली, दुसऱ्यांदा तर माझ्याकडे बोट नाचवून. मी हाक मारणार होतो. पण तोंडानंच सांगायचं, तर फळी लावली कशाला? रागही आला, लोकांचा नव्हे, माझाच. बिजागरी तुटली त्याच दिवशी मी ती फळी काढून का ठेवली नाही?

बारा वाजता सिल्वन बाहेर आला, हातात फोन. "मालकांना कुणीतरी फोटो पाठवलाय. फळी उघड म्हणतात." त्यानं रस्त्याकडे पाहिलं. "तसंही कुणाला कळत नाहीये, ग्रेत्सिओ."

मी आत जाऊन स्क्रू काढायचं हत्यार आणलं आणि पहिल्या डॉल्फिनला लावलं.

"अहो, ते हॉटेलचं चिन्ह आहे!"

"तिनं घासलेलं आहे," मी म्हटलं.

स्क्रू जुना होता, गंजलेला. हत्यार सारखं घसरत होतं. मग सिल्वननं फोन खिशात टाकला आणि दोन्ही हातांनी डॉल्फिन खालून धरला, पडू नये म्हणून. दुसरा त्यानं स्वतः काढला. दारावर दोन गोल डाग उरले, मालकीणबाईंच्या वेळच्या हिरव्या रंगाचे.

चेन्सा तिसऱ्यांदा चर्चकडे निघाली होती. ती दारासमोर थांबली. डागांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डोलोर?"

मी मान डोलावली. ती तिथंच पायरीवर बसली. "दोनदा गेले रे मी इथून," म्हणाली. "दोनदा हसले."

अर्ध्या तासानं ती पातेलं घेऊन आली. उपासाचा दिवस, म्हणून नुसता कांद्याचा रस्सा. तिच्यामागे विस्तिन, न्हावी, मेणबत्तीवाल्या बहिणी, पलीकडच्या गल्लीतलेही. काउंटरवर पातेली मावेनात. मी मोजायला सुरुवात केली होती, तिला सांगायचं म्हणून. तिसाच्या पुढे लक्षात आलं की सांगायचं कुणाला, आणि थांबलो.

वरच्या मजल्यावरची एक पाहुणी खाली आली. दाराकडे, काळ्या कपड्यांतल्या लोकांकडे बघून तिनं सिल्वनला हळूच विचारलं, हे आजच्या सणाचं आहे का?

"नाही," सिल्वन म्हणाला. "आमच्या घरातलं माणूस गेलं."