तेवढी जागा सोडून

आमच्या डोंबिवलीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बडीशेप चघळत तो मशीनशीच बोलतो, "काय बाई, कुठं दुखतंय?" गिऱ्हाइकाकडे बघत पण नाही.

माझी बायको गेली. नातीसाठी म्हटलेली तिची गाणी लॅपटॉपात राहिली, आणि तोच चालू होता होता बंद पडायला लागला. मी त्याला बजावलं, "फॉर्मॅट मारलास तर तंगडी मोडीन."

"मोडा काका. गाणी डिस्कवर शाबूत आहेत. मेमरीचा एक भाग सडलाय, आणि ती बोर्डालाच चिकटलेली, बदलता येत नाही. सुरू होतानाच लॅपटॉपला सांगून ठेवतो, तेवढी जागा सोडून बाकीची वापर."

मला त्यातलं काय कळणार? त्यानं काहीबाही टाइप केलं, लॅपटॉप पुन्हा पुन्हा बंद-चालू करून बघितला आणि मगच गाणं लावलं. माझा जीव भांड्यात पडला.

गाण्याआधी बायकोनं मला भरलेला दम ऐकू आला, "अहो, तो पंखा बंद करा आधी!"

तो गुपचूप उठला आणि दुकानातला पंखा बंद केला.

"काकू ओरडतायत," म्हणाला.

घामानं निथळत आम्ही दोघांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं.