पहिल्याच फेरीत बाद

धानकापणी सुरू झाली होती त्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, गोसीखुर्दच्या कालव्यात एका बाईचा मृतदेह सापडला. वय चाळीसच्या आसपास. डोक्याला मागून मार लागला होता. पाण्यात पडण्यापूर्वीच मृत्यू झाला, असा शवविच्छेदनाचा निष्कर्ष होता. मी तेव्हा त्या भागात ठाणेदार होतो. निवृत्तीनंतर बऱ्याच प्रकरणांचे तपशील पुसट झाले. या प्रकरणाचे झालेले नाहीत.

बाई धरणामुळे उठलेल्या आणि नव्या जागी वसवलेल्या एका गावात राहत होती. नवरा ट्रॅक्टर चालवायचा. मूलबाळ नव्हतं. शेतीच्या कामातून वेळ काढून ती एक वेगळा उद्योग करायची. टीव्हीवर जे प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम लागतात, त्यांचे घरात खेळता येतील असे पट ती तयार करी. जाड पुठ्ठ्यावर घरं आखलेली असत, प्रश्नांच्या चिठ्ठ्या असत. बझरच्या जागी वाटी आणि चमचा. घड्याळाच्या जागी तोंडाला तोंड चिकटवलेल्या दोन लहान बाटल्या, आत बारीक वाळू. उत्तर एकदा दिलं की बदलता येऊ नये म्हणून फट पाडलेला पत्र्याचा डबा. त्यात सोंगटी टाकली की फेरी संपेपर्यंत ती निघत नसे. पवनी आणि मोहाडीच्या आठवडी बाजारांत ती हे खेळ विकायला बसायची. नागपूरच्या एका दुकानदाराने खेळ दाखवायला बोलावलं होतं. ती त्या शनिवारी जाणार होती.

बुधवारी संध्याकाळी ती शेतावरून परतली नाही.

गुन्हा दाखल झाला त्याच दिवशी संशयिताचं नाव पुढे आलं. धरणात मासे पकडणारा पंचविशीतला एक तरुण. काही दिवसांपूर्वी वाटेवर जाळं वाळत घालण्यावरून त्याचं आणि बाईचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ते गावाने पाहिलं होतं. गुरुवारी पहाटे तो कालव्याच्या काठावरून पळत जाताना एका गुराख्याला दिसला होता. दुसऱ्या दिवशी तो नागपुरात मावशीकडे सापडला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की प्रेत त्याला सर्वांत आधी दिसलं आणि तो घाबरला.

"मंग पोलिसाले काहून नाही सांगितलं?" आमच्या हवालदाराने त्याला विचारलं.

"सांगतलं असतं त तुमी मलेच धरलं असतं."

"आता काय सोडलं का तुले?"

पळणारा माणूस गुन्हेगारच असतो असं नाही. गरीब माणूस पोलिसांपासून विनाकारणही पळतो. पण भांडण, पळून जाणं आणि साक्षीदार, एवढं न्यायालयाला पोलीस कोठडी देण्यासाठी पुरेसं होतं. त्याची आई रोज ठाण्यासमोरच्या कडुलिंबाखाली येऊन बसे. गावातून शिष्टमंडळ आलं, त्याला फाशी द्या म्हणालं. त्या शिष्टमंडळात बाईचा नवराही होता.

कोठडीची मुदत संपत आली असताना कोंढा गावच्या एका खबऱ्याने मला गाठलं.

"साहेब, माहं नाव काढू नका. बुधवारी दिवेलागणीले तिच्या नवऱ्याची गाडी कालव्याच्या रस्त्यानं येऊन राहिली होती. लाइट बंद."

"जबाब देशील?"

"ना जी. मले त्याच गावात धान विकाचे हायेत."

जबाबाशिवाय त्या माहितीला किंमत नव्हती. शिवाय नवऱ्याने आपण कुठे होतो ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दिवस मावळल्यापासून जेवणापर्यंत तो धाकट्या भावाच्या घरी होता. भाऊ, भावजय आणि पुतणी यांच्यासोबत बायकोनेच बनवलेला खेळ खेळत होता. भावाने आणि भावजयीने तसे जबाब दिले होते. तिघांचे जबाब जुळत होते. त्या दिवशी भाजी कोणती होती, वीज केव्हा गेली, पुतणी कशी जिंकली, सगळं एकसारखं.

नवऱ्याला पुन्हा ठाण्यात बोलावलं. चहा दिला. बायकोच्या कामाबद्दल बोलतं केलं.

"कसला उद्योग जी तो? दिवसभर पुट्टे कापे. लोक मले म्हणत, तुही बायको टीव्हीवाली झाली. बाजारात चार मानसांत बसून वाटी वाजवे."

"तुला आवडत नव्हतं?"

"कोनाले आवडन?"

"पण त्या दिवशी तू खेळलास."

"पुतनीनं जिद केली. खेळलो जी. मी अडानी मानूस. पयल्याच फेरीत आउट झालो. मंग बाजूले बसून पाहत राह्यलो. पोरगी जिंकली."

हे त्याने सहज सांगितलं. मला त्यात खोटं वाटावं असं काही नव्हतं. टीव्हीवर असंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी महिला शिपायाला सोबत घेऊन मी भावाच्या घरी गेलो. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. भाऊ कापणीला गेला होता. पुतणी शाळेत होती. भावजय अंगणात धान वाळवत होती. मी तिला खेळ दाखवायला सांगितलं. तिने आतून पुठ्ठ्याचा डबा आणला, पट मांडला, वाळूची बाटली उलटी केली. जावेची आठवण येऊन तिचे डोळे भरले होते, पण समजावून सांगताना तिला हुरूपही आला होता.

"आउट झालेला माणूस कुठे बसतो?" मी विचारलं.

"आउट कोनी होतच नाही ना जी."

"टीव्हीवर तर होतात."

"टीव्हीवर होते. पयले हिनंबी तसंच केलं होतं. मंग माही पोरगी पयल्याच फेरीत बाद झाली अन् रडत कोपऱ्यात जाऊन बसली. जेवली नाही. तवा हिनं नियमच बदलला. म्हणे, टीव्हीवरचा हारलेला मानूस निंगून जाते, आपल्याले दिसत नाही. घरचा हारलेला कुठं जाईन? तो समोरच राह्यते. म्हणून जो हारते तो अँकर. चिठ्ठ्या तोच वाचते, वाळू तोच पलटवते. बसून पाहाचंच नाही कोनी."

"सगळे असेच खेळता?"

"हो जी. आमच्या घरी रोजचंच हाये."

"म्हणजे बुधवारी भासरे हरले आणि मग चिठ्ठ्या त्यांनी वाचल्या."

भासरे म्हणजे भावजयीच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजेच मृत बाईचा नवरा. तिने हातातली बाटली खाली ठेवली. वाळू अजून पडत होती.

"ते म्हणतात, बाजूला बसून पाहत होतो," मी म्हणालो.

ती महिला शिपायाकडे वळून म्हणाली, "बाई, ते हा खेळ कदी खेळलेच नाही. तिनं किती म्हटलं त्याइले. एक डाव खेळून पाहा म्हणे. कदी नाही."

माणसं खोटं ठरवताना वेळ ठरवतात, जागा ठरवतात, भाजी ठरवतात. जे रोजचंच आहे ते एकमेकांना सांगून ठेवण्याची गरज कोणाला वाटत नाही. या घराने नवऱ्याला सगळं पढवलं होतं. खेळ पढवला नव्हता, कारण त्यांच्या दृष्टीने तो त्याला माहीतच असणार. त्याच्याच घरात तो तयार झाला होता.

भावजयीने त्याच दिवशी खरा जबाब दिला. भासरे त्यांच्या घरी आले ते जेवणाच्या वेळी, पँट गुडघ्यापर्यंत ओली. भावाने तिला सांगितलं होतं, विचारलं तर दिवस बुडल्यापासून इथेच होता म्हणायचं, घरचा माणूस आहे. पुढे तिने हा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोरही दिला.

नवऱ्याला अटक झाली. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात टिकत नाही. आरोपीने स्वतः दाखवून दिलेली वस्तू टिकते. त्याने पंचांसमक्ष कालव्याच्या काठची बेशरमाची झुडपं दाखवली. तिथे लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, मिळाली. तिच्यावरचं रक्त बाईचं होतं, असा प्रयोगशाळेचा अहवाल आला. बुधवारी संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिच्या शनिवारी नागपूरला जाण्यावरून दोघांत वाद झाला होता. ती जाणार म्हणाली होती.

तरुणाच्या सुटकेचा अहवाल आम्ही न्यायालयात सादर केला. तो सुटला तेव्हा बाहेर आई उभी होती. गावातलं कोणी नव्हतं.

भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने नवऱ्याला जन्मठेप दिली. भावजयीने उलटतपासणीत जबाब बदलला नाही. निकालानंतर ती मुलीला घेऊन माहेरी मोहाडी तालुक्यात गेली. सासरी परतल्याची नोंद माझ्याकडे नाही. तरुणाची सोयरीक अटकेच्या आधी ठरली होती. अटकेच्या बातमीनंतर मुलीकडच्यांनी ती मोडली. तो निर्दोष असल्याचं आमच्या हवालदाराने त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्या मुलीचं लग्न हवालदार जाण्याच्या आदल्या आठवड्यात दुसरीकडे झालं होतं.