मास्तरांची कौतिका

"सबूत काय हाय?" असं म्हणत मास्तर माशाचं पोट अंगठ्यानं दाबून बघायचे. वजन वाढावं म्हणून मासेवालीनं आत ओली माती कोंबली असणार, हा त्यांचा पक्का संशय. असे संशयी लोक तुम्हीही पाहिले असतील. पण आमच्या मोहल्ल्यातले हे विज्ञानाचे मास्तर बालाघाट स्टेशनच्या घड्याळावरही भरवसा ठेवत नसत.

बायको वारल्यावर काही महिन्यांनी त्यांनी आम्हालाच संशयात पाडलं. रोज सकाळी बाजारात जाऊन ते मासेवालीच्या कानाशी कुजबुजायचे, "कौतिका आली काय?"

"नाही जी, मास्तर," ती म्हणायची.

मोहल्ल्यात एकच चर्चा. आमची ही म्हणाली, "या वयात? मले तर पैलेच शंका होती!"

शेवटी मी त्यांना सरळ विचारलं. मास्तरांनी मला घरात ओढलं, कडी लावली, खिडकीतून डोकावून पाहिलं आणि पेटीचं कुलूप काढलं. आत बरणी, बरणीत औषधात बुडवलेला मासा. मिशा होत्या, अंग गुळगुळीत आणि पाठीवर आरशाच्या तुकड्यांसारखे मोजकेच खवले.

"मासेवालीच्या टोपलीत भेटला. नवी जात हाय. कोण्याच पुस्तकात नाही. अजून एक भेटला की नाव पक्कं. कोणाले बोलू नका, चोरतील."

"पण कौतिका काहून?"

"तुमच्या वहिनीचं नाव. ती होती तवा एकडाव बी घेतलं नाही जी." मग म्हणाले, "लेकरू नाही. तिचं नाव मागं कुठं राहीन?"

आम्ही सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचो. तिला नाव होतं हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे मासेमारी खात्याचा माणूस गावात आला. मास्तरांनी दाखवलेली बरणी बघून तो हसलाच. मासा विदेशी होता. खात्यानंच त्याची पिल्लं तलावात सोडली होती, त्यातली काही पुरात वैनगंगेत गेली.

"सबूत काय हाय?" मास्तर म्हणाले.

त्यानं आम्हाला तलावावर नेऊन जाळं टाकायला लावलं. जाळंभर कौतिका तडफडत वर आल्या. मास्तर एकाही माशाला हात न लावता माघारी फिरले.

त्यानंतर ते बाजारात यायचे, पण पोट दाबून बघायचे नाहीत. मिळेल तो मासा पिशवीत टाकून निघून जायचे. दोन-तीन वर्षांत तेही गेले.

आता तो मासा टोपल्या भरभरून येतो. परवा एक नवं गिऱ्हाईक मासेवालीला म्हणालं, "कौतिका? असं कुठं माशाचं नाव असते काय?"

"हौ, हेच नाव हाय," ती खवले काढता काढता म्हणाली. "आमचे मास्तर रोज याच नावानं पुसत होते."