आठ बोल्ट

आमच्या सुतारकाकांना नटबोल्टचा भारी तिटकारा. पलंगाचा कोपरा कसा, खाच पाडून लाकडात लाकूड ठोकलेला हवा! बोल्ट लावणाऱ्या सुताराला ते तोंडावर ‘फिटर’ म्हणत.

काकू अंथरुणाला खिळल्या, तेव्हा काकांनी त्यांच्यासाठी बुटका पलंग करायला घेतला. पहिली खाच आखत होते, तोच काकू म्हणाल्या, “अहो, बोल्टच लावा.”

“डोकं फिरलंय का तुझं? जन्मात हलणार नाही असा सांधा करतोय,” काका खेकसले.

“म्हणूनच म्हणते. माझ्यामागं तो तुम्हाला एकट्यालाच खोलायचाय.”

काकांनी आठ बोल्ट लावले.

काकूंना जाऊन चार वर्षं झाली. पलंग तिथंच आहे. दर महिन्याला काका पाना घेतात आणि आठही बोल्ट आवळून ठेवतात.